पाय टेकले पाहिजेत

या वेळचं संपादकीय मोटारसायकलच्या सीटच्या उंचीवर आहे, हे पाहून काही मैत्रिणींना आश्चर्य वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळे प्रश्न समोर उभे असताना सीट कशाला, असा प्रश्न आमच्याही बैठकीत निघाला. पण पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या भागातल्या गटांशी बोलताना एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं : “गाडी दारात हाय, पण पाय पुरत न्हाईत.” आशा ताई हे सांगतात, अंगणवाडी सेविका सांगतात, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकाही सांगतात. एवढ्या जणी तेच सांगत असतील, तर तो एकेकटीच्या पायांचा दोष नाही. तो गाडीच्या मापाचा प्रश्न आहे. आणि माप कुणाचं घ्यायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याच हातात सत्ता असते.

“मग स्कूटर घ्या की!” असं सहज सांगितलं जातं. कोल्हापूर शहरात ते ठीक आहे. इथल्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या मुली आणि बायका आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. पण गगनबावड्याच्या पावसात, वाडीवरच्या खडी-चिखलाच्या वाटेवर स्कूटरचं दहा-बारा इंचाचं चाक खड्ड्यात बसतं. मोटारसायकलचं सतरा-अठरा इंचाचं चाक तोच खड्डा पार करून जातं. शिवाय शेतकरी घरात गाडी एकच असते. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, खताचं पोतं सगळं तीच ओढते. बाईसाठी वेगळी स्कूटर घेण्याइतके पैसे किती घरांत असतात? म्हणजे प्रश्न नवी गाडी घेण्याचा नाही. घरात आहे ती गाडी घरातल्या दोघांना चालवता येते की एकालाच, हा खरा प्रश्न आहे.

आता मापं पाहू. आपल्या देशातल्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. एवढ्या उंचीच्या बाईच्या पायाची आतली लांबी, मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत, साधारण ६८ ते ७० सेंटिमीटर भरते. खेड्यापाड्यात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच आहे. एचएफ डिलक्सची ८०५, बुलेटच्या घराण्यातल्या क्लासिक ३५० ची ८०५. माणूस बसल्यावर गाडी थोडी दबते, फोमही दबतो, तरी अंतर भरून निघत नाही. टाच तर दूरच, कसाबसा अंगठा जमिनीला लागतो. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरची सीट ७६५ च्या आसपास आहे. आकड्यातला फरक दोनच सेंटिमीटरचा दिसतो, पण स्कूटरला मध्ये पाय ठेवायला मोकळी जागा आहे, तिच्यावरून पाय टाकून चढावं लागत नाही. मोटारसायकलची टाकी आणि रुंद सीट मांड्या फाकवते, त्यात पायाची लांबी खर्च होते. उंचीइतकीच ही रुंदीही आडवी येते.

ही उंची काही निसर्गनियमाने ठरलेली नाही. क्रूझर पद्धतीच्या अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, साडेतीनशे सीसीच्या मीटिअरची ७६५ वर. म्हणजे मनात आणलं तर कारखान्याला बुटकी सीट बनवता येते. फक्त ती बनवली जाते हौशी गिऱ्हाइकासाठी, ऐटीत रेलून बसता यावं म्हणून. रोज कामाला जाणारी पाच फुटांची बाई त्या विचारात कुठेच नसते.

आपल्याकडे बाईचा विचार वाहनउद्योगाने केलाच नाही असं मात्र नाही. पुण्याच्या फिरोदियांच्या किनेटिक कंपनीने १९७२ मध्ये लुना आणली. त्या हलक्या, बुटक्या गाडीने कितीतरी शिक्षिकांना, परिचारिकांना, कारकून बायकांना स्वतःच्या वेळेवर घराबाहेर नेलं. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली आणि किक मारण्याची, गिअर टाकण्याची कटकट गेली. लुनाने आणि गिअरलेस स्कूटरने बायकांना जे दिलं ते मोठं आहे. पण त्यातूनच एक वाटणीही पक्की झाली : स्कूटर बाईची, मोटारसायकल पुरुषाची. परवान्याच्या कागदावरही ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअर असलेली’ असे दोन प्रकार असतात, आणि बहुतेक मुलींना शिकवणारे पहिल्याच प्रकारावर थांबवतात. मग घरात मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं आणि दारात फक्त मोटारसायकल असली, की परवाना असलेली बाईसुद्धा शेजारच्या पोराला हाक मारते.

कायद्याची नजरही पाहण्यासारखी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या चाकाला झाकणारं आवरण हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण बाईसाठी म्हणून मोटारसायकलमध्ये जी एक वस्तू नियमाने आली, ती मागच्या सीटसाठी आली. पुढच्या सीटवर ती बसेल, हँडल तिच्या हातात असेल, ही कल्पनाच कुणी केली नाही. मोटारींच्या बाबतीतही जगभर हेच घडलं. अपघाताच्या चाचणीत वर्षानुवर्षं मुख्यतः वापरला गेलेला पुतळा सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा आहे. ‘सरासरी माणूस’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, तो बहुतेक वेळा सरासरी पुरुष असतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. माणसाची उंची केवळ आईबापांकडून येत नाही. लहानपणी पोटात काय गेलं, आजारपणात औषध वेळेवर मिळालं का, यावरही ती ठरते. ज्या घरात दूध आधी मुलग्याच्या पेल्यात पडतं आणि मुलगी मागाहून उरलंसुरलं खाते, तिथे तिची वाढ खुंटते. तीच मुलगी मोठी झाल्यावर गाडी तिला सांगते, तू बुटकी आहेस, हे तुझं काम नव्हे. एका अन्यायाच्या खुणेवर दुसरा अन्याय उभा राहतो तो असा. बुटक्या पुरुषांनाही ही अडचण आहेच. ते बिचारे चेष्टेच्या भीतीने बोलत नाहीत, गुपचूप मेस्त्रीकडे जाऊन सीट कापून घेतात. त्यांनाही आपल्या बाजूला घ्यायला हवं.

मग करायचं काय? तर पहिलं म्हणजे, उपाय फार अवघड नाहीत. आपलं कोल्हापूर हे कारागिरांचं गाव आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच स्वतःच्या हाताने बनवला. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? तिथे एक सीट बुटकी करणं ही मोठी गोष्ट नव्हे. मात्र काय करून घ्यायचं आणि काय नाही, हे आपल्याला कळलं पाहिजे.

सगळ्यात सोपा उपाय फुकटचा आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला घट्ट-सैल करण्याचे टप्पे असतात. एकटीने चालवताना तो सगळ्यात मऊ टप्प्यावर ठेवला, तर बसल्यावर गाडी थोडी जास्त दबते. मागे कुणी बसणार असेल तर टप्पा पुन्हा वाढवायचा. दुसरा उपाय सीटचा. कुशनवाल्याकडून फोम एक-दीड इंच कमी करून घ्यावा, आणि त्याहून महत्त्वाचं, सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद करून घ्यावा. त्याने पाय सरळ खाली येतात आणि अर्धी अडचण तिथेच सुटते. फोम फार कापू नये. खालचा पत्रा टोचेल, खड्ड्याचा दणका थेट मणक्याला बसेल. उरलेला फोम जरा कडक प्रतीचा घ्यावा. क्लचची आणि ब्रेकची मूठ बोटांना पुरेल अशी जुळवून घ्यावी. जाड तळाचा बंद बूट घातला तर आणखी इंचभर मिळतो, आणि चपलेपेक्षा तो सुरक्षितही आहे.

तिसरा उपाय कमी उंचीचे शॉकअप बसवण्याचा. मेस्त्री तो चटकन सुचवतात, पण त्याच्या मागे बरंच काही येतं. गाडी मागून खाली बसली की स्टँड लांब पडतो आणि उभी गाडी कलंडते. हेडलाइटचा झोत वर जातो. जमिनीपासूनचं अंतर कमी होऊन खालून दगड लागतात, ओझं असलं तर चाक मडगार्डला घासतं, चेन पुन्हा जुळवावी लागते. फक्त मागून खाली घेतलेली गाडी वळायलाही जड होते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे सांगितलं आहे. म्हणून चेसी कापणं, वेल्डिंग करणं याच्या वाटेला जाऊच नये. शॉकअप बदलायचे झाले तर आधी आरटीओला लेखी विचारावं.

चौथी गोष्ट गाडीची नव्हे, शिकण्याची आहे. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत असा समज आपल्या मनात कुणीतरी भरवलेला आहे. थांबताना डावा पाय खाली, उजवा पाय ब्रेकवर, कंबर सीटवरून थोडी डावीकडे सरकवायची, एवढं जमलं की एका पायाचा चवडा पुरतो. उताराकडे पाय टाकायचा नाही, थांबण्याची जागा आधीच हेरायची. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो आहे, पण चालत्या गाडीचं वजन अंगावर येत नाही. ते येतं गाडी थांबताना आणि ढकलताना. म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी ढकलण्याचा, वळवण्याचा, स्टँडवर लावण्याचा सराव आधी करावा. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. २०११ मध्ये उर्वशी पाटोळे यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘द बायकर्नी’ या बायकांच्या मोटारसायकल संघटनेसारखे गट एकमेकींना शिकवत आले आहेत. हे शहरातल्या हौशी मुलींपुरतं राहण्याचं कारण नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, आपली मागणी एसटीची असायला हवी, गाडीची नव्हे. एसटीची मागणी सोडा असं कुणीच म्हणत नाही. वाडीला बस आलीच पाहिजे, वेळेवर आली पाहिजे. पण बस येईपर्यंत बाळंतपणाची कळ थांबत नाही. आणि बस आली तरी घरातल्या सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक वस्तू कुणाच्या नावावर आहे, तिची किल्ली कुणाच्या खिशात आहे, हा प्रश्न उरतोच.

गुढीपाडव्याला शोभायात्रा निघतात. नऊवारी, फेटा, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो पेपरात पहिल्या पानावर येतात. त्या दिसतातही छान. पण दुसऱ्या दिवशी किल्ली कुठे असते? ज्या समाजाला बाई वर्षातून एक दिवस गाडीवर शोभते आणि उरलेले दिवस ती मागेच बसलेली बरी वाटते, त्या समाजाचं कौतुक आपण जपूनच घ्यावं.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण इथे करायला हवी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, बायकांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग मानला गेला. हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या, तर त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि मधल्या दांड्यावर पोर बसवलं. टिंगल झाली, पण बायका एकेकट्या नव्हत्या, घोळक्याने होत्या. म्हणून टिंगल टिकली नाही. आपल्यालाही हेच शिकायचं आहे. एकटी बाई गाडी शिकायला गेली तर ती ‘फाजील’ ठरते, वीस जणी गेल्या तर तो कार्यक्रम होतो.

तेव्हा गटांना आमचं सांगणं असं. रविवारी सकाळी शाळेचं मैदान मागून घ्या आणि शिकणं सुरू करा. शिकाऊ परवाना काढताना ‘गिअर असलेली’ हाच प्रकार लिहा. कुशनवाल्याकडे एकेकटीने न जाता पाच-सहा जणींनी जा, दर ठरवून घ्या. गाडी घेताना शोरूममध्ये बुटकी सीट मागा, नाही म्हणाले तर तसं लिहून मागा. जिल्हा परिषदेकडे मागणी करा, की आशा, सेविका, परिचारिका यांना प्रवासभत्त्याबरोबर गाडीचं प्रशिक्षणही द्या. कारखानदारांकडे आपली एकच मागणी आहे : शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीला, जादा पैसे न घेता, दोन उंचीच्या सीट ठेवा. चपलेला नंबर असतात, ब्लाउजला मापं असतात, मग गाडीला एकच माप का?

तुमच्या गावात कुणी सीट बुटकी करून घेतली असेल, तर काय केलं, किती खर्च आला, काय जमलं आणि काय फसलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते सविस्तर छापू. ज्या बाईचे पाय आज टेकत नाहीत, तिला पाय लांब करता येणार नाहीत. सीट मात्र खाली आणता येते, आणि ती आपण आणायची आहे.