नळी आत राहिली, कारण बिल अर्धंच सांगितलं होतं

परवा कर्जत स्टेशनबाहेर चहाला थांबलो होतो. कशेळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतला ओळखीचा माणूस प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत सोनोग्राफी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि बिलं.

"दादा, जरा बघा ना. लघवीला जळजळ होतंय, मधीच रक्त पण जातंय."

सात महिन्यांपूर्वी त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. दुर्बिणीतून, लेझरनं. कुठे झालं ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका हॉस्पिटलचा नाही. ऑपरेशननंतर किडनी आणि मूत्राशयाच्या मध्ये डॉक्टर एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज असताना लघवीची वाट बंद होऊ नये म्हणून ती असते आणि साधारण काही आठवड्यांत काढायची असते. याची नळी अजून आतच होती.

का काढली नाही? साधं उत्तर. "पंचेचाळीस हजार सांगितले, बिल झालं एकसष्ट. बायकोचं डोरलं गहाण टाकलं. नळी काढायला गेलो तर बोलले, त्याचे नऊ हजार वेगळे. कुठून आणायचे?"

हा निष्काळजीपणा नाही. त्याला कोणी पूर्ण खर्च सांगितलाच नव्हता.

ते बिल मी आमच्या आळीतल्या एका मुलीला दाखवलं. ती ऐरोलीला मेडिकल कोडिंगच्या कंपनीत आहे. पहाटेची कर्जत लोकल, ठाण्याला बदल, मग ऐरोली. काम काय, तर अमेरिकेतल्या रुग्णांचे ऑपरेशनचे रिपोर्ट वाचायचे आणि प्रत्येक प्रक्रियेला ठरलेला कोड द्यायचा. त्या कोडवर तिकडची विमा कंपनी पैसे देते. तिचा विभाग नेमका युरॉलॉजीचा.

तिनं बिलावरून बोट फिरवलं. पॅकेज. त्याखाली सिस्टोस्कोपी वेगळी. लेझर चार्जेस वेगळे. स्टेंट टाकण्याचे वेगळे. आणि "इतर" म्हणून साडेतीन हजार.

"काका, हे तिकडे पाठवलं तर परत येईल," ती हसत म्हणाली. मग नीट समजावून सांगितलं. दुर्बिणीनं मूत्रनलिकेतला खडा लेझरनं फोडणं आणि त्याच वेळी स्टेंट टाकणं, या सगळ्याला तिकडे सर्जनच्या बिलात एकच कोड आहे, ५२३५६. जाताना मूत्राशय दुर्बिणीतून बघितलं म्हणून सिस्टोस्कोपीचे पैसे वेगळे लावता येत नाहीत, कारण त्या वाटेनंच पुढे जायचं असतं. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचंही तसंच, कोड ५२६०१. त्यातही दुर्बिणीची तपासणी धरलेली आहे. एका कामाचे तुकडे करून बिल वाढवू नये म्हणून तिथल्या सरकारी विमा योजनेनं १९९६ पासून नियमांची यादीच लावली आहे. कुठला कोड कुठल्या कोडसोबत चालत नाही, हे संगणकच अडवतो.

मी विचारलं, "आणि नळी काढायचे?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "ते तिकडेही वेगळंच धरतात काका. पण त्याला कोड आहे, नाव आहे. इथे तर 'इतर'."

अमेरिकेचं कौतुक करायला ही पोस्ट नाही. तिकडचे लोकही हॉस्पिटलच्या बिलांनी कर्जबाजारी होतात. पण विचार करा. सातासमुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याचं बिल बरोबर आहे का, हे आपल्या कर्जतची पोरगी रोज तपासते. तिच्या शेजारच्या वाडीतल्या माणसाचं बिल तपासायला कोणी नाही.

बरं, आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. १ जुलै २०२४ पासून कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मुतखड्याच्या, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. इथेही प्रत्येक शस्त्रक्रियेला कोड, ठरलेला दर आणि ऑपरेशनआधी मंजुरी. भरती, तपासण्या, औषधं, जेवण, जायचं एसटीभाडंसुद्धा पॅकेजमध्येच. म्हणजे कोडची शिस्त आपल्याला माहीत आहे, पण ती योजनेच्या काउंटरपुरती. काउंटर सोडून रोख भरायला गेलात की तीच शस्त्रक्रिया, पण बिलाचा नियम ज्याचा त्याचा.

आणि आपली माणसं रोखीकडे का जातात? कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकचं ग्रामीण रुग्णालय, खोपोलीचा दवाखाना, सगळीकडून मुतखड्याचा पेशंट पुढेच पाठवला जातो. पनवेल, कल्याण, नाहीतर थेट मुंबई. रात्री दोन वाजता कळ उठलेला माणूस योजनेचं हॉस्पिटल शोधत बसत नाही. जे पहिलं उघडं दिसेल तिथे शिरतो.

डॉक्टरांचीही बाजू आहे. दुर्बीण, लेझर, भूलतज्ज्ञ, मशीनचे हप्ते, सगळं महाग आहे. योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, ही तक्रारही खोटी नाही. घ्या ना पैसे. कष्टाचे आहेत. फक्त आधी सांगा, आणि पूर्ण सांगा. नळी टाकताना ती काढायचा खर्च माहीत असतो. मग तो ऑपरेशनच्या आकड्यात धरायला काय हरकत आहे? आत राहिलेल्या नळीवर क्षार जमतात, जंतुसंसर्ग होतो, किडनी जायची वेळ येऊ शकते. नऊ हजारांच्या ओळीसाठी एखाद्याची किडनी पणाला लागावी, हे कुठल्याच डॉक्टरला आवडणार नाही.

राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायला हवेत. आपल्या दोन तालुक्यांत फिरून बघा, किती ठिकाणी दिसतात. दिसले तरी 'पॅकेजमध्ये काय काय' हे कुठे लिहिलंय तेही बघा. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी बोर्ड आहे की नाही एवढ्यावर टिकमार्क करू नये. एक बिल मागून वाचावं.

तोवर आपण करायच्या चार गोष्टी:

१. ऑपरेशनआधी अंदाजपत्रक कागदावर घ्या. त्यात लेझर, भूल, औषधं आणि नळी काढायचा खर्च आहे का, एवढं तोंडानं विचारा.
२. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, त्यालाच गाठा. नळी काढणं मंजुरीत धरलंय का, तेही त्याच्याकडूनच वदवून घ्या. हेल्पलाइन १५५३८८.
३. बिलात "इतर" दिसलं की "इतर म्हणजे काय?" विचारा. तपशीलवार बिल हा हक्क आहे, उपकार नाही.
४. घरात कोणाला नळी टाकली असेल, तर काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. पैसे नसतील तर गप्प बसू नका, सरकारी रुग्णालयात जा.

आमचा माणूस आता मुंबईत सरकारी रुग्णालयात भरती आहे. नळीवर खडे धरलेत. एका मिनिटाच्या कामाला आता बहुतेक दोन ऑपरेशनं लागतील, असं डॉक्टर म्हणाले. डोरलं अजून गहाणच आहे.

तुमच्याकडे असं बिल असेल तर नाव झाकून पाठवा. एकेक करून वाचू. वाचणारी पोरगी आपल्याच आळीत आहे.