मकावचे ग्रेहाउंड आणि निरुपयोगी पासपोर्ट

थ्रेड 🧵

जुलै २०१८. मकावमधील कॅनिड्रोम हा श्वानशर्यतींचा ट्रॅक बंद झाला, तेव्हा तेथे पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे उरले होते. मकावचे हे कुत्रे वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियातून येत. ते तेथे कसे पोहोचले, असे विचारले की ‘पुरेसे नियम नव्हते’ ही सबब पुढे केली जाते. ती ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही.

मकाव ही १९९९ पर्यंत चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वसाहत होती. (१८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) यांत्रिक सशामागे कुत्रे धावण्याचा खेळ अमेरिकेत जन्मला, १९२६ मध्ये मँचेस्टरला आणि १९२७ मध्ये सिडनीला पोहोचला. मकावमध्ये तो १९३०च्या दशकात आला, बंद पडला आणि १९६३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

हरलेला कुत्रा दत्तक देण्याची सोय कॅनिड्रोममध्ये नव्हती. २०१० या एका वर्षात तेथे ३८३ कुत्रे मारले गेल्याचे हाँगकाँगच्या वृत्तपत्राने उघड केले.

यानंतर २०१३ मध्ये ‘ग्रेहाउंड्स ऑस्ट्रेलेशिया’ या शर्यत उद्योगाच्या शिखर संस्थेने मकावसाठी श्वान-पासपोर्ट देणे थांबवले. नियम झाला, घोषणा झाली. निर्यात मात्र चालूच राहिली.

कारण हा पासपोर्ट उद्योगाचा अंतर्गत नियम होता. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचा निर्यात परवाना मिळवण्यासाठी त्याची गरजच नव्हती. कुत्रा निरोगी आहे आणि आयात करणाऱ्या देशाच्या अटी पुऱ्या होतात, एवढे सरकारला पुरे होते. विमानातून उतरल्यावर त्याचे काय होणार, हा प्रश्न अर्जात कोठेच येत नसे.

हा प्रश्न विचारणे अशक्य होते काय? मुळीच नाही. २०११ मध्ये इंडोनेशियातील कत्तलखान्यांतील क्रौर्य दूरचित्रवाणीवर दिसले, तेव्हा याच सरकारने जिवंत गुरांची निर्यात काही काळ रोखली आणि निर्यातदारावर कत्तलीपर्यंतची जबाबदारी टाकणारी व्यवस्था उभी केली. म्हणजे खाटकाकडे जाणाऱ्या बैलाचा माग परदेशातही शेवटपर्यंत ठेवला जाई. शर्यतीच्या कुत्र्याचा माग विमानतळावरच संपे. तो ‘पशुधन’ या व्याख्येत बसत नव्हता!

‘मोजक्या प्रशिक्षकांचा हा अपराध’ असे उद्योगाचे समर्थक म्हणतात. २०१६ मध्ये एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये विनापासपोर्ट मकाव-निर्यातीबद्दल १७९ जणांवर आरोप ठेवले गेले. यांना मोजके म्हणायचे असेल, तर मोजमापच बदलावे लागेल. निर्यातीला खरी खीळ बसली ती क्वांटाससारख्या विमान कंपन्यांनी हे कुत्रे आशियात नेण्यास नकार दिल्यावर. कायद्याने करायचे काम मालवाहतूक विभागाने केले.

उरलेल्या पाचशेंसाठी इटली, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेत घरे शोधली ती ‘अनिमा’ ही मकावची प्राणिमित्र संस्था आणि परदेशी स्वयंसेवकांनी. त्या कुत्र्यांच्या कानांत ऑस्ट्रेलियात गोंदलेले ओळखक्रमांक तेव्हाही होते.