पंखा पाण्याखाली अडकतो तेव्हा

हिमायतनगरात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांसाठी हुसेनसागर म्हणजे संध्याकाळची चक्कर. लिबर्टीवरून टँक बंड, मग लुंबिनी पार्क, पाहुणे आले असतील तर बोटीने बुद्धापर्यंत. पण बोटीचा पंखा पाण्याखाली अडकला तर तो सोडवायला कोण उतरतं, हे आपण विचारत नाही. विचारायला हवं, कारण त्यात आपलाही हात असतो.

माझे मामा मालवणचे. त्यांचं आयुष्य मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. गणपतीला आमच्याकडे यायचे. प्रॉपेलरला ते पंखाच म्हणायचे. त्यांनी सांगितलेलं असं : नायलॉनची दोरी पंख्यात गेली की नुसती गुंडाळत नाही. ती आवळत जाते, घासून तापते, वितळते आणि शाफ्टवर दगडासारखी बसते. बारीक दोरा तर आणखी वाईट. तो सीलमध्ये शिरून सीलच कापतो. सुरीने कापून निघालं तर ठीक, नाही तर अख्खा पंखा उतरवायचा.

पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. नाही तर पंखा एकदम सुटून अंगावर येतो किंवा गाळात जातो. मग पुलर लावून हळूहळू ताण द्यायचा. हातोडा मारला तर पाती वाकतात. काठावर हे सगळं जमतं. पाण्याखाली पाय रोवायला जागाच नाही. पाना फिरवायला जावं तर नट जागच्या जागी आणि माणूसच गोल फिरतो. गढूळ पाण्यात दिसतही नाही, सगळं हाताने चाचपून. मामा बजावायचे, खाली जाणाऱ्याने इंजिनाची चावी स्वतःजवळ ठेवायची. वर कुणी चुकून स्टार्ट केलं तर संपलंच.

म्हणून माझं स्पष्ट मत : शक्य तिथे बोट काठावर ओढून, वर घेऊनच पंखा काढावा. फेऱ्या बुडाल्या तर बुडू देत. "दोन मिनिटांचं काम" म्हणून कुणा पोराला खाली उतरवणं नक्को. या पाण्याला कमी लेखू नये, हे हैदराबादने १० मार्च १९९० रोजी पाहिलंय. बुद्धाची मूर्ती तराफ्यावरून नेताना तळाला गेली, माणसंही गेली. मूर्ती वर काढून बेटावर उभी राहायला १ डिसेंबर १९९२ उजाडला.

आता आपला हात. "आमची मूर्ती वीतभर, शाडूची, बादलीत विसर्जन करतो," असं आपण अभिमानाने सांगतो. छानच आहे. पण निर्माल्य? ते पिशवीत भरून, गाठ मारून टँक बंडच्या कठड्यावरून खाली. त्यात हाराचा दोरा, मखराची नायलॉनची नाडी, उपरण्याची जर. फुलं कुजतील, दोरा कुजत नाही. पोलिसांची, पालिकेची व्यवस्था कमी पडते हे खरं, पण ती पिशवी पालिका टाकत नाही.

यंदा एवढंच करू या. उत्तरपूजा झाली की हार घरीच उसवायचे, दोरे-नाड्या कात्रीने वेगळ्या करून कचऱ्यात टाकायच्या, फुलं कुंडीत. दहा मिनिटांचं काम आहे, मुलंही हौसेने करतात. बाप्पाला निरोप देताना कुणाला त्या गढूळ पाण्यात उतरायला लावणं, ही कसली भक्ती?