चार तळहातांएवढी जमीन

नाशिकच्या एका भगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांचे चिरंजीव जर्मनींत श्टुटगार्ट येथें नोकरीस आहेत. त्यांनीं तेथें २०१४ सालची माझदा एमएक्स-५ ही दोनच माणसांची, टप उघडणारी गाडी जुनी विकत घेतली. गाडी फार थोडी फिरलेली आहे; तरी तिचे चारही टायर बदलावे, असें चिरंजीवांचें म्हणणें. वडिलांना तें पटत नाहीं. छायाचित्रांत टायरवरची नक्षी चांगली खोल दिसत असतां ते फेंकून देणें ही त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटते. "दोघांपैकीं कोणाची बाजू मीं घ्यावी?" असें बाई विचारतात. प्रश्न एका घरचा, पण उत्तर अनेक घरांच्या उपयोगीं पडण्यासारखें आहे. म्हणून तें येथेंच देतों.

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवीत असे. त्या धांवेचें काम चाकाचें रक्षण करणें एवढेंच. मोटारीच्या टायरवर याहून मोठी जबाबदारी आहे. जॉन बॉइड डनलप यांनीं १८८८ सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसविली, ती धक्के कमी बसावे म्हणून. आज गाडीला धरून ठेवणें, वळविणें आणि थांबविणें हें सारें त्याच वस्तूकडे आलें आहे. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारें एका तळहाताएवढ्या जागेंत. म्हणजे अकराशें किलोंच्या आसपास वजनाची ही गाडी, आंतील माणसांसह, चार तळहातांच्या आधारावर धांवत असते. ब्रेक कितीहि उत्तम असोत, ते फक्त चाक थांबवितात. गाडी थांबते ती या चार तळहातांच्या पकडीनें.

आतां वडिलांच्या आक्षेपाकडे वळूं. नक्षीची खोली पाहणें योग्यच आहे. जर्मनींत काय किंवा आपल्याकडे काय, मोटारीच्या टायरवर ती १.६ मिलिमीटरहून कमी चालत नाहीं. परंतु खाचा खोल असणें निराळें आणि रबर जिवंत असणें निराळें. प्राणवायु, ओझोन आणि ऊन यांच्या योगानें रबर हळूहळू कडक होत जातें. गाडी उभी असली तरी हें चालूच राहतें. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांनीं सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. बाईंनीं मुलाकडून मागवून कळविलेले आंकडे आहेत २६१४. म्हणजे २०१४ सालचा सव्विसावा आठवडा. दहा वर्षें उलटलेला टायर, खाचा शाबूत असल्या तरी, काढून टाकावा, असें मोठमोठे निर्माते स्वतःच सांगतात.

या बाबतींत आम्ही कोरड्या पंडिताईनें बोलत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच काटकसरीनें आम्हीं अकरा वर्षांचे टायर "अजून नवे दिसतात" म्हणून ठेवले होते. आषाढांत वरंधा घाट उतरतांना एका वळणावर ब्रेक दाबला, चाकें थांबलीं, पण गाडी थांबली नाहीं. ती सरकत जाऊन कडेच्या दगडी कठड्याला टेकली, तेव्हांच स्थिर झाली. कोणास खरचटलें देखील नाहीं. मागच्या आसनावर आमची सून नातवाला घेऊन बसली होती. ती एक शब्दहि बोलली नाहीं. आणि तिचें तें न बोलणें आम्हांला आजहि ऐकूं येतें. दोष कोणाचाच नव्हता, आमचाच होता.

तेव्हां टायर बदलावेच. प्रश्न उरतो तो कोणते घ्यावे हा. या गाडीच्या टायरवर २०५/४५ आर १७ ८४ डब्ल्यू असा मजकूर आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा ४५, आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि चाकाचा व्यास १७ इंच. ८४ हा अंक एका टायरनें ५०० किलो भार पेलावा असें सांगतो, तर डब्ल्यू हें अक्षर ताशीं २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची पात्रता दाखवितें. ही पात्रता आहे, आज्ञा नव्हे, एवढें चिरंजीवांस आईनें अवश्य बजवावें. गाडीच्या कागदपत्रांत जें माप मान्य आहे त्यांत दिखाऊपणासाठीं फेरफार करूं नये.

तरुण माणसाचें मन शर्यतीच्या टायरकडे ओढ घेतें. त्याचें रबर मऊ असतें, खाचा कमी असतात, आणि तापल्यावर तो रस्त्याला घट्ट धरतो. परंतु थंड, ओल्या सकाळीं कचेरीस जातांना तो तापणार कधीं? शिवाय तो लौकर झिजतो. त्यापेक्षां खेळाडू गाड्यांसाठीं असलेला, परंतु रोजच्या रस्त्याकरितां केलेला उन्हाळी टायर घ्यावा. युरोपांत प्रत्येक टायरसोबत ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी छापलेली असते. ए सर्वांत चांगली, ई सर्वांत हलकी. किमतीची घासाघीस करावयाची ती ए श्रेणींतल्या टायरांमध्यें करावी. श्रेणी सोडून करूं नये.

उन्हाळी टायरचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं कडक होऊं लागतें. शिवाय बर्फाळ रस्त्यावर जर्मन कायद्याला डोंगर व हिमकण यांचें चिन्ह असलेलाच टायर लागतो. नुसत्या एम आणि एस या अक्षरांवर ऑक्टोबर २०२४ पासून भागत नाहीं. यास्तव चिरंजीवांनीं हिवाळ्याचे चार टायर वेगळे ठेवावे, नाहीं तर तेथें ठराविक महिन्यांपुरती नोंदणी करून गाडी हिवाळाभर घरांत ठेवण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा.

चारही टायर एकाच जातीचे व एकदमच घ्यावे. पुढें कधीं दोनच बदलण्याची वेळ आली, तर नवे मागें बसवावे. कारण ओल्या वळणावर मागचीं चाकें सुटलीं, कीं गाडी फिरते आणि ती सांवरणें फार कठीण जातें. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशें किलोमीटर सबुरीनें चालवावें, आणि हवा नेहमीं टायर थंड असतांना मोजावी.

तर बाईंनीं बाजू घ्यावी ती मुलाची. पण वडिलांचा मान राखून. त्यांची काटकसर खोटी नाहीं, तिची जागा मात्र चुकली आहे. आणि वाचकांस आमची एक विनंती. हा अंक खालीं ठेवल्यावर अंगणांत जावें आणि आपल्या घरच्या गाडीच्या टायरवरचे ते चार आंकडे वाचावे. सुट्या टायरचेहि विसरूं नयेत. पावसाळ्यांत घाट उतरण्यापूर्वीं ते वाचलेले बरे.