सभेत बोलण्याची पाळी



लागण, बेणे, खते सोडून ऊस विकास विभागाने शाळेवर का लिहावे, असे काही जण म्हणतील. पण आपले कित्येक सभासद आता पुणे महापालिकेच्या हद्दीत आले आहेत. मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडीसह २३ गावे २०२१ मध्ये शहरात गेली. त्याबरोबर ग्रामपंचायत गेली, ग्रामसभाही गेली. शाळेचं काही बिघडलं तर ग्रामसभेत उठून विचारता येत होतं. आता विचारायचं कुठं?

पूर्वी शहरात शिक्षण मंडळ होते. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली ही मंडळे चालत. राज्याने २०१३ मध्ये ती बंद करण्याचा कायदा केला. पुढे पुण्याचे मंडळही जाऊन कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आला. पालकाच्या हाताशी उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. कागदावर सगळे उत्तम आहे.

अशा एका बैठकीत आम्ही मागे बसलो होतो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, एवढंच सांगायला एक बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. दोघे गृहस्थ भावकीचे जुने भांडण उकरून तासभर बोलत राहिले. मग वेळ संपली म्हणून बैठक उठली. बाई न बोलताच गेल्या.

नियम केले की लोकांचे तोंड बांधले जाते, असे काहींचे म्हणणे. आमचा अनुभव उलटा आहे. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोड मिळाली की कुणाची तक्रार राहत नाही. नोंदवही बाजूला ठेवली की दांडगा पुढे जातो आणि गरिबाच्या उसाला तुरा येतो. बोलण्याच्या पाळीचेही तसेच आहे.

अमेरिकेत शाळा मंडळाच्या बैठकीत नाव नोंदवून ठरल्या वेळात बोलण्याची रीत आहे. टेक्सास राज्याने तर २०१९ मध्ये कायदाच केला. विषयपत्रिकेवरील विषयावर लोकांना बोलू द्यावे, वेळेची मर्यादा घालता येईल, पण संस्थेवरील टीका रोखता येणार नाही, असा त्याचा आशय.

आपल्याकडे एवढे तरी व्हावे. बैठकीआधी वहीत नाव व विषय लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे शिक्षकांनी लिहून घ्यावे. नोंदीच्या क्रमाने प्रत्येकास तीन मिनिटे द्यावीत, मग तो पुढारी असो की मजूर. कुणाच्या लेकराचे नाव चारचौघांत घेऊ नये. एखाद्या शिक्षकाविरुद्ध वैयक्तिक तक्रार असेल तर ती लेखी द्यावी. उत्तर लगेच देता आले नाही, तर कधी देणार ती तारीख इतिवृत्तात लिहावी. आणि बोलणे कडू लागले म्हणून कुणाला खाली बसवू नये. आपल्या फडात हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची नावे पटावर नसतात. त्यांच्या आईबापांनाही ही वही खुली असावी. आपला ऊस तेच तोडतात.

शाळेला हे सांगताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय सरतात, आणि आयत्या वेळच्या विषयांपर्यंत मंडप निम्मा रिकामा होतो. आम्ही कारखान्याचे नोकर, तरी स्पष्ट लिहितो. हीच वही आपल्या मंडपाच्या दारातही ठेवावी. सभेत ज्याचे म्हणणे ऐकले गेले, तो बाहेर पारावर कुजबुजत बसत नाही.

यावर सभासदांनी आपले मत गट कार्यालयात जरूर कळवावे.

— ऊस विकास अधिकारी