इअरबड्स झाले श्रवणयंत्र, पण कान तपासणार कोण?

हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "बाबांना कमी ऐकू येतं, श्रवणयंत्राऐवजी एअरपॉड्स घेऊन दिले तर चालेल का?" प्रश्न अगदी रास्त आहे. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्र सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. फोनवरच श्रवण चाचणी द्यायची, त्या निकालानुसार इअरबड्स आवाज वाढवून देतात. मात्र ही मान्यता फक्त १८ वर्षांवरील आणि सौम्य ते मध्यम श्रवणदोष असणाऱ्यांसाठी आहे.

माझं उत्तर मात्र 'आधी कान तपासा' हेच असतं. का, ते सांगतो.

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं ती कंपनं आतल्या कानातल्या शंखाकृती भागात पोहोचवतात. तिथल्या केसांसारख्या पेशी त्यांचे विद्युत संदेश करून मेंदूकडे धाडतात. बिघाड या वाटेवर कुठेही होऊ शकतो. मळ साचणं, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी किंवा पू होणं, यात आवाज आत पोहोचतच नाही. यावर बहुतेक वेळा उपचार आहेत. वय किंवा गोंगाटामुळे त्या पेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. तिथे श्रवणयंत्र कामाला येतं.

गोची इथेच आहे. इअरबड्सची चाचणी नळीतून आवाज सोडते. ऐकू किती कमी येतं ते तिला कळतं, पण अडथळा नेमका कुठे आहे ते कळत नाही. ऑडिओलॉजिस्ट कानामागच्या हाडावर कंपक ठेवून दुसरी चाचणी घेतात. ही कंपनं बाहेरचा आणि मधला कान वगळून थेट आत जातात. दोन्ही निकालांतल्या फरकावरून दोष कुठे आहे ते समजतं. नाहीतर साध्या मळावर आपण महागडे इअरबड्स लावून बसायचो!

आणखी एक विरोधाभास बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. म्हणजे लोकलच्या खडखडाटात आवाज फुल करून गाणी ऐकणारा मुलगा ज्या यंत्राने स्वतःचे कान खराब करतोय, तेच तो बाबांना औषध म्हणून देतोय.

तंत्रज्ञान चांगलंच आहे. श्रवणयंत्राची लाज वाटणारे अनेक जण इअरबड्स आनंदाने घालतील. पण कान दुखत असेल, वाहत असेल, एकाच कानात सतत आवाज येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अचानक ऐकू येणं बंद झालं, तर त्याच दिवशी जा, कारण तिथे उशीर महागात पडतो. आणि हो, मळ काढायला कापसाचे इअरबड्स वापरू नका, त्यांनी तो आणखी आत ढकलला जातो.