ग्राहकाच्या प्रश्नाला हात जोडलेला इमोजी हे उत्तर नाही



मागच्या पावसाळ्यात एक काकू माझ्या भांड्यांच्या दुकानात आल्या. पिशवीतून बिडाचा तवा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. माझ्याकडूनच नेलेला, आणि वर तांबूस गंज चढलेला. म्हणाल्या, "दादा, घावन चिकटतंय म्हणून तुम्हाला मेसेज केला होता. तुम्ही काय पाठवलंत ते बघा."

मोबाईलवर लिहिलं होतं, 'आपला संदेश मिळाला. विश्वासाबद्दल धन्यवाद.' खाली हात जोडलेला इमोजी. व्हॉट्सअॅप बिझनेसवर मीच लावून ठेवलेला ऑटो-रिप्लाय होता तो. त्यांचा प्रश्न मी नंतर वाचलाच नव्हता. बीबीएला 'कस्टमर रिलेशनशिप'वर पानंच्या पानं लिहिली होती, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटेना.

मागे चहाची शेगडी होती. तवा घासून गंज काढला, धुतला, आचेवर पूर्ण कोरडा केला. तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि धूर येईपर्यंत तापवला. असं तीन वेळा केलं. "धुतल्यावर ओला ठेवायचा नाही, आणि सुरुवातीला चिंच-टोमॅटोचं काही करायचं नाही," एवढं सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं तर तेव्हाच दाखवायचं की!"

त्यांनी त्या दिवशी काहीच खरेदी केलं नाही. तवा उचलला आणि गेल्या.

त्या रात्री जुने मेसेज उघडले. दोन महिन्यांत असे ११ प्रश्न माझ्या 'धन्यवाद'खाली गाडले गेले होते. त्यातल्या दोघांनी तोवर दुसऱ्या दुकानातून वस्तू घेतलीसुद्धा होती.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. ग्राहकाने 'कसं करू?' असं विचारलं, तर लिहून सांगू नका, व्हिडिओ करून दाखवा. 'तेलाचा पातळ हात' म्हणजे किती, हे लिहून कळत नाही. बघितलं की पाच सेकंदांत कळतं. दुकानात आलेल्या माणसाला आपण वस्तू हातात घेऊनच समजावतो ना? मग फोनवरच्या माणसाला कोरडा मेसेज का?

माझी पद्धत सांगतो.

पहिलं, नाव घ्या आणि त्यांचाच प्रश्न त्यांच्याच शब्दांत म्हणा. 'काकू, तुम्ही विचारलंत घावन का चिकटतंय.' हा व्हिडिओ आपल्यासाठीच केलाय, हे त्यांना लगेच कळतं.

दुसरं, एक प्रश्न, एक उत्तर. व्हॉट्सअॅपमध्ये जुलै २०२३ मध्ये आलेला गोल व्हिडिओ मेसेज ६० सेकंदांपर्यंतचा असतो. तेवढा पुरे. कॅमेऱ्यासमोर लाज वाटते? चेहरा नको, फक्त हात आणि वस्तू दिसू दे.

तिसरं, फिल्टर नको. साडी, कापड विकत असाल तर दारात उजेडात धरून दाखवा. रंग वेगळा निघाला तर तुमच्या शब्दाची किंमत गेली.

चौथं, तो व्हिडिओ स्टेटसला टाकायचा असेल तर नाव काढून नव्याने करा किंवा आधी विचारा. कुणाच्या घरातली अडचण ही आपली जाहिरात नव्हे.

आणि पैशांची तक्रार असेल तर व्हिडिओ बिडिओ काही नको. सरळ फोन लावा आणि ऐकून घ्या.

तुम्ही म्हणाल, "सर, वेळ कुठंय?" खरंय, प्रत्येकाला व्हिडिओ शक्य नाही. किंमत विचारली तर लिहूनच सांगा. मी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा रोज दोनच व्हिडिओ करतो. सणासुदीला गुलाबाच्या फुलांचे फोटो शंभर जणांना पाठवायला आपल्याकडे वेळ असतोच की!

आणखी एक हिशोब बघा. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोहोचतो. आता लोक नंबर सेव्ह कधी करतात? जाहिरात आली म्हणून नाही, या माणसाला पुन्हा विचारता येईल असं वाटलं की करतात. दोन पैसे न घालता हे वाटायला लावणं आपल्या हातात आहे. मोठ्या ऑनलाइन कंपनीचा मालक कुणाला तवा तापवून दाखवणार नाही. तुम्ही दाखवू शकता. छोटं असण्याचा हाच तर फायदा.

दिवाळीआधी त्याच काकूंचा मेसेज आला, 'दादा, बिडाची कढई आहे का? आणि ती कशी वापरायची तेही दाखवा.'

आज दुकान बंद करण्याआधी एक काम करा. जुने मेसेज उघडा, उत्तर न दिलेला एक प्रश्न शोधा आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागून त्याला व्हिडिओ पाठवा. एकच. उद्या दुसरा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.